आत्याच्या खोलीच्या दाराबाबत खुलासा

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता पत्राच्या वरती लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. परवा बांधकामावर वाळूच्या ढिगावरून घसरलो तेव्हा आठांपैकी सहा अंगं जमिनीला टेकली होती. राहिलेली दोन आत्ता मनोभावे टेकवतो.) तुझा गुडघा कसा आहे? औषध वेळेवर घेतेस ना, की दुसऱ्यांना घ्यायला लावण्यातच दिवस जातो? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. म्हणजे बाबा आईशी बोलत नाहीत, आई हिच्याशी बोलत नाही, ही माझ्याशी बोलत नाही आणि मी मिस्त्रीशी बोलायला घाबरतो. पण प्रकृती सगळ्यांच्या उत्तम आहेत.

तुझं पत्र मिळालं. हॉस्पिटलमधली तुझी कोणी धाकटी सिस्टर घर बांधायला काढते आहे आणि तिला माझ्या अनुभवातले चार सल्ले हवेत, हे वाचून बरं वाटलं. (इथे मला सल्ला देणारेच भेटतात. रस्त्याने जाणारा दूधवालासुद्धा सायकल थांबवून, पायऱ्या जरा उंच झाल्या हं, असं सांगून जातो.) पण पत्राच्या शेवटी, कागदावर जागा उरली म्हणून लिहावी तशी तू एक ओळ लिहिली आहेस: माझ्या खोलीची घाई करू नका, क्वार्टर सोडल्यावर एका मैत्रिणीकडे माझी सोय होण्यासारखी आहे. आत्या, ती ओळ मी चारदा वाचली आणि चारही वेळा मला पटली नाही. तू निवृत्त होणार, क्वार्टर रिकामं करावं लागणार, मग तू आमच्याकडेच यायचंस, म्हणून तर हे घर काढलं. आणि आता म्हणे सोय! ही ओळ कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे. वार्ताहर मामा तुझ्याकडे येऊन गेले. (आईचे लांबचे भाऊ. त्यांना एखादी गोष्ट सांगितली की नातेवाइकांना वेगळं कळवावं लागत नाही.) या लोकांनी तुमची खोली चारी बाजूंनी चिणून टाकली, दारच ठेवलं नाही, असं त्यांनी तुला सांगितलं असणार. हे साफ खोटं आहे. म्हणजे खोलीला दार नाही हे खरं आहे. पण मामा सांगतात तसं काही नाही.

फोन करून सांगितलं असतं, पण फोनवर तू सगळं ऐकून घेऊन नुसतं ‘बरं’ म्हणतेस आणि ठेवतेस. त्या ‘बरं’चा अर्थ लावता लावता माझी झोप उडते. तेव्हा पहिल्यापासून सविस्तर लिहितो, आणि त्यातच तुझ्या सिस्टरचे सल्लेही उरकून घेतो. तिला तेवढेच फाडून दे. बाकीचं घरचं आहे.

तिला पहिलं हे सांग की, कधीच ‘नाही’ न म्हणणारा मिस्त्री नेमू नये. आमच्या मिस्त्रीला कामावरचे सगळे ‘होईल मिस्त्री’ म्हणतात. माणूस भला, हात सफाईदार, भिंत अशी सरळ बांधतो की बघत राहावं. पण तुम्ही काहीही सांगा, तो ओळंबा खिशात टाकतो, मान डोलावतो आणि म्हणतो, होईल. खिडकी डावीकडे घेता येईल का? होईल. उजवीकडे? होईल. आधीचे मिस्त्री प्रत्येक गोष्टीला तोंड वाकडं करायचे, म्हणून त्यांना आपण मोठ्या हौसेने घालवलं आणि याला आणलं, तेव्हा मला वाटलं होतं की आपलं नशीब उघडलं. (इंजिनीयर साहेबांबद्दल काही लिहीत नाही. ते येतात, गाडीतूनच घराकडे बघतात, हात करतात आणि जातात. हात केला म्हणजे काम ठीक आहे असं आम्ही धरून चालतो.) होईल मिस्त्रीचा नियम एकच, जो शेवटी बोलला त्याचं खरं. आणि त्याला मीच एकदा वैतागून सांगून ठेवलं होतं की, बाबा रे, दर वेळी मला विचारायला येऊ नकोस, घरचं कोणी आलं तर ते सांगतील तसं कर. तो म्हणाला, होईल.

आता तुझ्या खोलीचं दार. नकाशात ते बैठकीच्या खोलीत उघडत होतं, आणि मिस्त्रीने तिथे दारापुरती जागा सोडून विटा लावायला सुरुवातही केली होती. एके सकाळी बाबा फिरायला म्हणून बाहेर पडले ते बांधकामावर गेले. त्यांनी ती जागा पाहिली आणि त्यांच्या मनात आलं की बैठकीत आपले पत्ते खेळणारे मित्र येणार, टीव्ही लागणार, हसणं-खिदळणं होणार. ताईने जन्मभर वॉर्डातला गोंगाट ऐकला, आता म्हातारपणी तिने आमचा ऐकायचा की काय? झालं. त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, हे बुजवा आणि दार स्वयंपाकघराच्या बाजूला काढा. आणि घरी येऊन अवाक्षर बोलले नाहीत. (तुझा भाऊ. तुला ठाऊकच आहे. चहात साखर नसली तरी आठवडाभर तसाच पितील, पण सांगणार नाहीत.) पुढे ही गेली. स्वयंपाकघरात तुझं दार बघून तिचा जीव वरखाली झाला. पहाटे मिक्सर लागणार, फोडणीचा ठसका थेट आत्यांच्या उशाशी जाणार, त्या बोलणार नाहीत आणि नुसत्या खोकत राहतील. तिने ते बुजवायला सांगितलं आणि दार मागच्या बोळाकडे नेलं. ती मला सांगणार होती, पण त्या दिवशी फरशीच्या रंगावरून आमचं वाजलं होतं, म्हणून नाही सांगितलं. मग आई गेली. बोळात बाथरूम, बाथरूमपुढे कायम ओल, आणि वन्संचा गुडघा! घसरून पडल्या तर केवढ्याला पडेल? आईने तेही बुजवायला सांगितलं.

इथे मात्र होईल मिस्त्रीने आयुष्यात पहिल्यांदा एक प्रश्न विचारला. म्हणाला, मग दार कुठे ठेवू? आता आईने उभ्या जन्मात कुठल्या गोष्टीचा निकाल दिला आहे का? ती म्हणाली, ते मी कशी सांगू, घरात विचारून कळवते. घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की विचारायला जावं तर परस्पर ढवळाढवळ केल्याचं उघडं पडेल आणि सुनेला वाटेल, सासूबाईंनी मुद्दाम माझं मोडलं. तेव्हा ती गप्प बसली. मिस्त्रीने वाट पाहिली. कोणी काही सांगेना, काम तर थांबवता येईना, म्हणून तो बांधत गेला. आतला गिलावासुद्धा झाला. माणसं खिडकीच्या मोकळ्या जागेतून आत शिरायची आणि तिथूनच बाहेर यायची. मग एक दिवस जाळी बसवणारा आला आणि त्याने बाहेरून खिडकीला लोखंडी जाळी ठोकली. आत एक थापी, एक घमेलं आणि कोणाची तरी चप्पल राहिली आहे. अजून दिसते.

मग तू काय करत होतास, असं तू विचारशील. (तू विचारणार नाहीस. तू ‘बरं’ म्हणशील. पण मी आपला सांगून ठेवतो.) मी त्या काळात बाथरूममध्ये होतो. सिस्टरला दुसरा सल्ला हा सांग की, फरशीवाला गाडीत बसायच्या आधी बाथरूममध्ये एक बादली पाणी ओतून बघावं. आमच्याकडे पाणी जाळीकडे पाठ फिरवून दाराकडे निघालं. फरशीवाला म्हणे, प्लंबरने जाळी चुकीच्या जागी बसवली. प्लंबर म्हणे, याने उतार उलटा दिला. दोघेही आपापल्या जागी इतके ठाम की मलाच वाटायला लागलं, पाण्याचं काहीतरी चुकतंय. फरशी उखडली, पुन्हा बसवली, पुन्हा बादली ओतली. आता पाणी कुठेच जात नाही, मधोमध उभं राहून विचार करतं. दिव्यांची बटणं कुठे बसवली तेही वायरमन असेपर्यंत दार उघडून बघावं. आमच्या झोपायच्या खोलीत दार उघडलं की बटणं दाराच्या मागे जातात, म्हणजे दिवा लावायचा तर आधी आत जाऊन दार लावून अंधार करून घ्यायला लागतो. या सगळ्या गडबडीत घराच्या त्या टोकाला काय चाललंय हे मी पाहिलं नाही. तुझ्या दाराची चौकट अंगणात भिंतीला टेकून उभी होती, तीही मला रोज दिसायची. मला वाटलं, जास्तीची आहे. मी तिला पिशवी अडकवायचो.

आणि घरातल्या प्रत्येकाने मधेमधे जाऊन आपापली भिंत पाहिली हो! बाबांनी बैठकीतली पाहिली, दार नाही, समाधान पावले. हिने स्वयंपाकघरातली पाहिली, दार नाही, छान. आईने बोळातली पाहिली. प्रत्येकाला वाटलं, दार पलीकडे कुठेतरी असेल. पलीकडे जाऊन कोणी पाहिलं नाही.

अशा वेळी वार्ताहर मामा आले. मी त्यांना बाहेरून घर दाखवलं. त्यांनी तुझी खिडकी पाहिली आणि विचारलं, ही कोणाची? मी छाती पुढे काढून म्हटलं, आत्याची, घरातली सगळ्यात चांगली खोली तिला दिली आहे, चला दाखवतो. आत्या, मी पुढे आणि मामा मागे. बैठकीतून स्वयंपाकघरात गेलो, स्वयंपाकघरातून बोळात, बोळातून परत बैठकीत. मला वाटलं, बोलण्याच्या नादात वळण चुकलं. पुन्हा फेरी मारली. तिसऱ्या फेरीला मामा बैठकीतच विटांवर बसून राहिले आणि मी एकटाच भिंती चाचपत फिरलो. बाहेर जाऊन खिडकी पाहिली, ती होती. आत येऊन खोली शोधली, ती नव्हती. शेवटी मामा नेमकं वर्मावर बोट ठेवत म्हणाले, खोली दिली आहे, पण जायचं नाही वाटतं? मी म्हटलं, काम चालू आहे. मिस्त्रीला हाक मारली. विचारलं, दार? तो म्हणाला, मोठ्या बाईंचा निरोप यायचा आहे.

त्यानंतर घरात जे झालं ते न लिहिलेलं बरं, पण लिहितो. आधी मी सगळ्यांवर ओरडलो. मग बाबा म्हणाले, मी एकच दार बुजवलं. ही म्हणाली, मीही एकच. आई पदर डोळ्यांना लावून आत गेली, आणि त्यामुळे बाकी दोघांनी मलाच धारेवर धरलं. खरी भीती कोणीच तोंडाने बोलत नव्हतं, ती मी बोललो. मी म्हटलं, उद्या आत्या आली आणि तिने विचारलं की माझ्याकडे उघडणारं दार तुमच्यापैकी कोणालाच आपल्या बाजूला का नको होतं, तर काय सांगणार? बाबा चप्पल घालून बाहेर गेले आणि जेवायच्या वेळेलाच आले. तुला सांगतो, जगाला हे असंच दिसणार. तीन माणसं, तीन भिंती, आणि तिघांनी मिळून एका माणसाला बाहेर ठेवलं. मामांनी ते असंच पाहिलं, तुला तसंच सांगितलं, आणि तू नेहमीप्रमाणे कुणाच्या अध्यात-मध्यात न पडता आपली सोय बघायला लागलीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण तसं नाहीये गं. तुला त्रास होऊ नये म्हणून प्रत्येकाने जीव टाकला, आणि सगळ्यांच्या जीव टाकण्यातून ती खोली झाली.

आता परिस्थिती अशी आहे की तीनपैकी कुठलीही भिंत फोडता येते, मिस्त्री घण घेऊन तयार आहे, आणि घरात कोणीही भिंतीचं नाव काढायला तयार नाही. बाबा म्हणतात, मी आता काही बोलत नाही, एकदा बोललो तेवढं पुरे. ही म्हणते, बाबांना विचारा. आई म्हणते, सगळ्यांना पटेल तिथे करा. मी तर शपथच घेतली आहे की तुझ्या खोलीबद्दल मिस्त्रीकडे एक शब्द काढणार नाही, कारण काढला की तो करतो. तुझ्या सिस्टरला शेवटचा सल्ला हा दे की, घरच्या माणसांना बांधकामावर एकेकटं जाऊ देऊ नये. जायचं तर सगळ्यांनी मिळून जावं आणि तिथेच भांडावं. घरी येऊन गप्प बसणाऱ्यांनी घर बांधू नये.

आई नमस्कार सांगते. (स्वतः येऊन सांगून गेली. हिच्याशी मात्र अजून बोलत नाही.) औषधं घे. जड काही उचलू नकोस, सामानाला हात लावू नकोस, मी येऊन बांधीन.

तुझा भाचा

ता. क. – मुद्द्याचं लिहायचं राहूनच गेलं. तू त्या मैत्रिणीला अजून हो म्हणाली नसशील तर म्हणू नकोस. म्हणाली असशील तर नाही म्हणून कळव, वाईटपणा माझ्यावर घाल. आणि एकदा इथे ये. दार कुठल्या भिंतीत हवं ते तू तुझ्या तोंडाने सांग, तुझ्यापुढे कोणाची हूं की चूं करायची हिंमत नाही. तुझी सोय कुठेही होईल हे मला कळतं. वॉर्डातल्या खाटेवरसुद्धा तू सोय करून घेशील. पण आमची होत नाही. बाबा परवा माझ्यासमोर म्हणाले की ताई नाही आली तर मला ते घर नको. एवढं मोठं वाक्य ते आजवर बोललेले मी ऐकले नव्हते.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. मिस्त्रीचा निरोप आला की साहेब, काम झालं, बघून जा. कुठलं काम, म्हणून धावत आलो. आता इथे रस्त्याकडेला विटांच्या ढिगावर बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय, अक्षर सांभाळून घे. आत्या, तुझ्या खोलीला दार झालं आहे. बैठकीच्या बाजूला एक झालं आहे, ते बाबांनी सकाळी गुपचूप येऊन सांगितलं. स्वयंपाकघराच्या बाजूला एक झालं आहे, ते हिने. बोळाच्या बाजूला एक झालं आहे, ते आईने. प्रत्येकाने मिस्त्रीला बजावलं, माझ्या बाजूने फोडा, दुसऱ्या कोणाकडे बोलू नका. तो बोलला नाही. त्याने तिन्ही फोडली. मी आलो तेव्हा तिघेही आपापल्या भगदाडात उभे राहून एकमेकांकडे बघत होते, आणि बाबा म्हणत होते, मी सहज आलो होतो. आई हसायला लागली, मग हीही हसायला लागली. सगळे बोलायला लागले आहेत. पण आता खोलीत खाट लावायला जागा नाही, जिथे लावावी तिथून कोणी ना कोणी येणार-जाणार. एक खिडकीची भिंत तेवढी शाबूत आहे, खाट तिलाच लावावी लागेल. बाबा म्हणतात, तिलाच लावू, ताईला उजेड मिळेल.

ता. क. तिसरा – आत्या, घणाचा आवाज येतोय, आणि तो खिडकीच्या बाजूने येतोय. घात झाला! काल संध्याकाळी मी येऊन मिस्त्रीला सांगितलं होतं की खिडकी खालपर्यंत फोडून अंगणात दार काढ, म्हणजे आत्याला आमच्यापैकी कोणाच्या खोलीतून ये-जा करायला नको, ती तिच्या मर्जीची मालकीण. (शपथेचं नंतर बघू.) तो होईल म्हणाला होता. त्याला थांबवायला पळतो, मग लगेच पत्र पेटीत टाकतो. तू मिळेल त्या गाडीने निघ. भिंत उरली आहे तोवर ये.